रंगाचा थर किती कठीण? ‘९एच’चा अर्थ आणि तो मोजण्याची रीत

गाडीला लावायच्या सिरॅमिक कोटिंगच्या बाटलीवर, मोबाइलच्या संरक्षक काचेच्या पाकिटावर ‘९एच हार्डनेस’ असं ठळक छापलेलं असतं. हिऱ्याचा कठीणपणा १० हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात हिशेब करतो: दहापैकी नऊ, म्हणजे हिऱ्याच्या एकच पायरी खाली. मग थोड्याच दिवसांत किल्लीचा ओरखडा उठतो आणि आपल्याला नकली माल विकला असं त्याला वाटतं. माल अस्सलही असू शकतो. मात्र तो ९ हिऱ्याच्या मोजपट्टीवरचा नाही, पेन्सिलीच्या मोजपट्टीवरचा आहे.

## दोन मोजपट्ट्या, एकच आकडा

खनिजांची मोजपट्टी फ्रीडरिश मोस यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, असं करत क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. जो दगड दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो वरच्या पायरीवर, एवढाच नियम. या पायऱ्या सारख्या उंचीच्याही नाहीत. कुरुंद आणि हिरा यांच्यात एका आकड्याचा फरक दिसतो, पण टोचून मोजलं तर हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण निघतो.

रंगाच्या प्रयोगशाळेत वापरतात ती मोजपट्टी म्हणजे चित्रकाराच्या पेन्सिलींचा संच. पेन्सिलीचं शिसं ग्राफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणातून बनतं आणि भट्टीत भाजलं जातं. माती जास्त तेवढं शिसं कठीण. सर्वांत मऊ ९बी, तिथून ८बी, ७बी असं चढत बी, मग एचबी, एफ, एच, २एच आणि शेवटी ९एच. एकूण २० पायऱ्या. ग्राफाइट स्वतः मोसच्या पट्टीवर १ ते २ च्या दरम्यान येतं, आणि मातीची भर घातलेली ९एच पेन्सिलही त्या पट्टीवर ९ च्या जवळपाससुद्धा पोचत नाही.

म्हणून ‘९एच’चा खरा अर्थ इतकाच: ठरलेल्या दाबाने, ठरलेल्या कोनात ९एच पेन्सिल ढकलली तरी या थरावर खूण उमटली नाही. पोलादी टोकाने, वाळूच्या कणाने, काचेच्या तुकड्याने उमटणार नाही असं ते सांगत नाही. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोसच्या पट्टीवर ७. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की ते कण फडक्याखाली फरफटतात आणि बारीक गोल रेघा उठतात. पेन्सिल चाचणीत अव्वल ठरलेला थरही याला अपवाद नाही.

## कठीणपणा म्हणजे नेमकं कशाला तोंड देणं?

रंगाच्या बाबतीत ‘कठीण’ या एका शब्दात तीन-चार वेगळे गुण कोंबले जातात, आणि बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात. टोकदार वस्तू ओढली तर ओरखडा उठतो का? जड वस्तू बराच वेळ ठेवली तर खळगा पडतो का? वारंवार घासलं तर थर झिजतो का? आणि पृष्ठभागावर हलणाऱ्या वस्तूची ऊर्जा थर किती शोषून घेतो? प्रत्येक प्रश्नाची चाचणी वेगळी आहे, आणि एकीत पहिला आलेला रंग दुसरीत मागे पडू शकतो. रबरासारखा लवचीक थर नखाने सहज दबतो, पण पावलांच्या घासणीला कडक, ठिसूळ थरापेक्षा जास्त काळ टिकू शकतो.

थर खालच्या पत्र्याला किती घट्ट धरून आहे, हा तर पूर्णपणे निराळा गुण. त्याला चिकटण म्हणू. तिची चाचणी पात्याने जाळीसारखे छेद देऊन करतात: एका दिशेने सहा, तिला काटकोनात सहा. पेन्सिलीखाली रंगाचा तुकडा पापुद्र्यासारखा उडाला, तर दोष कठीणपणाचा नसून बहुधा चिकटणीचा असतो. अहवालात ‘एचबीला नापास’ एवढंच लिहून सोडलं, तर पुढचा माणूस रेझिन, म्हणजे रंगाचा थर बांधून धरणारा घटक, बदलत बसतो आणि खरी चूक, म्हणजे नीट न धुतलेला तेलकट पत्रा, तशीच राहते.

## पेन्सिल चाचणी, पायरीपायरीने

या चाचणीची दोन मानकं जगभर जास्त वापरात आहेत: आयएसओ १५१८४ आणि एएसटीएम डी ३३६३. तत्त्व एकच, तपशिलात थोडा फरक.

आधी पेन्सिलीची तयारी. नेहमीच्या टोकयंत्राने टोक काढायचं नाही. लाकूड तेवढं काळजीपूर्वक तासून ५ ते ६ मिलिमीटर शिसं उघडं करायचं. शिशाच्या दंडगोलाला पात्याचा धक्का लागता कामा नये. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट जागेवर ठेवून, पेन्सिल त्यावर अगदी उभी, ९० अंशांत धरून गोल फिरवत घासायची. शिशाचं टोक सपाट, गोल आणि कडेला धारदार व्हायला हवं. कडेला टवका उडालेला असेल तर पुन्हा घासायचं. सगळी चाचणी या कडेवर अवलंबून आहे, कारण थरात रुतते ती कडाच.

रंगवलेलं पॅनेल, म्हणजे चाचणीचा नमुना, सपाट, घट्ट आणि आडवं ठेवायचं. खोलीचं तापमान २३ अंश सेल्सिअस, दोन अंश इकडेतिकडे. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के, पाच टक्के इकडेतिकडे. पेन्सिल ४५ अंशांत बसेल अशी खाच असलेला चाकांचा छोटा ठोकळा मिळतो. दोन चाकं आणि पेन्सिलीचं टोक अशा तीन बिंदूंवर तो उभा राहतो. आयएसओ पद्धतीत टोकावर ७५० ग्रॅमचा भार येईल असं त्याचं वजन असतं. ठोकळा आपल्यापासून पुढे, सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वेगाने, किमान ७ मिलिमीटर ढकलायचा. ओढायचा नाही. ढकलताना कडा थरात घुसायला बघते, ओढताना ती वरून घसरते आणि आकडा फुकट वाढतो.

३० सेकंद थांबायचं, मऊ कापडाने किंवा कापसाने ग्राफाइटची भुकटी पुसायची, हवं तर थराला इजा न करणाऱ्या द्रावकाचा थेंब घ्यायचा, आणि मग तिरक्या उजेडात बघायचं. भुकटी पुसण्याआधी निकाल देऊ नये, कारण काळी रेघ आणि ओरखडा उघड्या डोळ्यांना सारखेच दिसतात. खूण नसेल तर एक पायरी कठीण पेन्सिल घेऊन शेजारच्या अस्पर्श जागेवर पुन्हा. किमान ३ मिलिमीटर लांबीची खूण उमटेपर्यंत असं चढत जायचं. जिने खूण उमटली नाही अशी सर्वांत कठीण पेन्सिल, तो त्या थराचा आकडा. प्रत्येक रेघेआधी टोक पुन्हा घासायचं किंवा पेन्सिल फिरवून ताजी कडा खाली आणायची. हे सगळं दोनदा करायचं, आणि दोन निकालांत एका पायरीहून जास्त फरक आला तर दोन्ही रद्द करून नव्याने.

एएसटीएम पद्धत उलट्या टोकाने सुरू होते: कठीण पेन्सिलीपासून मऊ पेन्सिलीकडे उतरत यायचं, रेघ सुमारे ६.५ मिलिमीटरची, आणि संच ६बी ते ६एच असा १४ पेन्सिलींचा. तिथे दोन निकाल नोंदवता येतात. एक ‘गाउज’, म्हणजे थर खालपर्यंत कापला जाणं, आणि दुसरा ‘स्क्रॅच’, म्हणजे वरवरचा ओरखडा. एकाच पॅनेलवर गाउज ३एच आणि स्क्रॅच एफ येऊ शकतो. यातला कुठला आकडा माहितीपत्रकावर छापलाय हे लिहिलं नसेल, तर विक्रेता मोठाच आकडा निवडेल असं धरून चालावं.

## आकडा कुठे बिघडतो

सर्वांत जास्त बिघाड हाताने होतो. ठोकळा न वापरता पेन्सिल नुसती हातात धरली, तर दाब माणसागणिक बदलतो आणि कोनही. एएसटीएम हाताने चाचणी करू देतं. पण तेव्हा निदान एकाच सरावलेल्या माणसाने सगळी पॅनेलं तपासावीत.

दुसरं कारण पेन्सिली. एका कंपनीची २एच आणि दुसऱ्या कंपनीची २एच यांत एका पायरीचा फरक सहज पडतो, कारण या पायऱ्या चित्रकारांच्या सोयीसाठी ठरल्या आहेत, रंगाच्या चाचणीसाठी नव्हे. करारातच पेन्सिलीची कंपनी लिहून ठेवणं आणि पुरवठादार व ग्राहक दोघांनी तीच वापरणं, हा एकमेव खरा उपाय आहे.

तिसरं कारण भार. सगळे ७५० ग्रॅमच वापरत नाहीत. ५०० ग्रॅम आणि १ किलोचे ठोकळेही मिळतात. ५०० ग्रॅमवर मिळालेला ३एच आणि ७५० ग्रॅमवर मिळालेला ३एच हे वेगळे निकाल आहेत.

चौथं कारण थराखाली दडलेलं असतं, म्हणूनच ते सर्वांत कमी लक्षात येतं. फरशीवर पातळ चादर अंथरली आणि अंगठ्याने दाबली, तर हाताला जाणवतो तो फरशीचा कठीणपणा, चादरीचा नाही. पातळ रंगाचं तसंच आहे. तोच रंग काचेवर किंवा पोलादावर लावला तर आकडा चढतो, प्लास्टिकवर किंवा लाकडावर लावला तर उतरतो. म्हणून थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, आणि खालचा पदार्थ या दोन्ही गोष्टी निकालाबरोबर लिहायलाच हव्यात.

सिरॅमिक कोटिंगचं कोडं इथेच सुटतं. हा थर बहुधा एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो. काचेच्या पॅनेलवर लावून चाचणी घेतली तर ९एच पेन्सिलही काही करू शकत नाही, कारण खाली काच आहे. गाडीवर त्याच्याखाली ४०-५० मायक्रॉनचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो आणि तो काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो. टोक दाबलं की क्लिअरकोट खाली दबतो, वरचं पातळ कवच त्याच्यासोबत वाकतं आणि फुटतं. अशा कोटिंगने पाणी निथळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. हे फायदे खरे आहेत आणि पैसे द्यायचे तर त्यांच्यासाठी द्यावेत.

मोबाइलच्या काचेवरच्या ९एचचं उत्तर आणखी सरळ आहे. ती मुळात काचच आहे, मोसच्या पट्टीवर साडेपाच-सहाच्या आसपास. कुठलीही पेन्सिल तिच्यावर ओरखडा काढू शकत नाही, मग ती काच चांगली असो वा सुमार. त्यामुळे दोन संरक्षक काचांची तुलना करायला हा आकडा अजिबात उपयोगाचा नाही.

## एवढ्या त्रुटी असताना ही चाचणी ठेवायची कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असं की पेन्सिल चाचणी दोन वेगळ्या जगांची तुलना करायला वाईट आहे, पण एकाच जगातला बदल पकडायला उत्तम आहे. तोच रंग, तीच जाडी, तोच पत्रा, तीच पेन्सिल, तोच ठोकळा. काल २एच येत होता आणि आज एचबी आला, तर भट्टीत किंवा मिश्रणात काहीतरी बिघडलंय हे पाच मिनिटांत कळतं. खर्च नगण्य. एका पायरीच्या फरकावरून मात्र माल परत पाठवू नये. तेवढा फरक चाचणीच्या स्वतःच्या चुकीत बसतो.

## लोलकाची चाचणी

ओरखड्याऐवजी जास्त बारीक आकडा हवा असेल तर लोलक वापरतात. दोन छोट्या गोळ्यांवर टेकलेला लोलक रंगवलेल्या काचेवर ठेवायचा, ठरलेल्या कोनापर्यंत कलवायचा आणि सोडायचा. थर मऊ असेल तर तो झोक्याची ऊर्जा खातो आणि लोलक लवकर शांत होतो. कठीण असेल तर बराच वेळ झुलतो. झोका ठरलेल्या खालच्या कोनापर्यंत उतरायला लागलेले सेकंद, हाच निकाल.

कोनिग लोलक २०० ग्रॅमचा, गोळ्या ५ मिलिमीटर व्यासाच्या, झोका ६ अंशांवरून ३ अंशांपर्यंत. नुसत्या काचेवर त्याला सुमारे २५० सेकंद लागायला हवेत, आणि रोज काम सुरू करण्याआधी हे तपासणं हीच त्या यंत्राची परीक्षा. पर्सो लोलक ५०० ग्रॅमचा, गोळ्या ८ मिलिमीटरच्या, १२ अंशांवरून ४ अंशांपर्यंत. काचेवर सुमारे ४३० सेकंद. दोन्ही आयएसओ १५२२ मध्ये आहेत, पण एकाचे सेकंद दुसऱ्यात बदलून घेण्याचं सूत्र नाही. पंख्याचा वारा, टेबलाचं हलणं, पॅनेलवरची धूळ यांनी आकडा लगेच ढळतो, म्हणून लोलक बंद पेटीत असतो.

एक खाच मात्र जाणकारही विसरतात. लोलक मोजतो ते ऊर्जा शोषणं. थर रबरासारखा उसळणारा असेल तर तो घेतलेली ऊर्जा परत देतो, आणि स्पर्शाला मऊ असूनही लोलक जास्त वेळ झुलवतो. त्यामुळे दोन वेगळ्या प्रकारच्या रेझिनची तुलना केवळ लोलकाच्या सेकंदांवर करू नये.

## दाबून मोजायच्या चाचण्या

बुखहोल्ट्स चाचणीत धारदार कडेचं धातूचं चाक ५०० ग्रॅमच्या परिणामी भाराने ३० सेकंद थरावर टेकवतात, उचलतात, आणि पडलेल्या खाचेची लांबी २० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने मोजतात. १०० ला त्या लांबीने, मिलिमीटरमध्ये, भागायचं: खाच १.२५ मिलिमीटर लांब असेल तर उत्तर ८०. चाक थराच्या तळाला टेकलं तर आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून थर पुरेसा जाड हवा. रबरी थर खाच भरून काढतो, तिथे ही चाचणी चालत नाही.

जाड फ्लोअरिंगसाठी शोर डी मापक हाताशी असतो. त्याला मुळात ६ मिलिमीटरची जाडी लागते. दोन मिलिमीटरच्या इपॉक्सीवर टेकवला तर खालचं काँक्रीटही आकड्यात मिसळतं. खूप पातळ थरांसाठी नॅनो-इंडेंटेशन नावाचं महागडं तंत्र आहे, ज्यात हिऱ्याचं टोक थराच्या जाडीच्या दहाव्या भागापर्यंतच जाऊ देतात. चादर आणि फरशीचा प्रश्न तेच तंत्र खऱ्या अर्थाने सोडवतं.

## वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही

बोट लावलं आणि चिकटलं नाही, म्हणजे रंग तयार, हा समज फार महागात पडतो. द्रावक उडून जाणं म्हणजे वाळणं. रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं तयार होणं म्हणजे क्युअरिंग, आणि कठीणपणा या जाळ्यातून येतो. हवेतल्या ऑक्सिजनवर पक्का होणारा अल्किड इनॅमल कित्येक आठवडे कठीण होत राहतो. एकाच हातात जाड लावला तर वर कातडी धरते आणि आत मऊच राहतो. दोन भागांच्या इपॉक्सीला साधारण २५ अंशांत सात दिवस द्यावे लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. पावडर कोटिंगचं वेळापत्रक, उदाहरणार्थ २०० अंशांवर १० मिनिटं, हे धातूच्या तापमानाचं असतं, भट्टीतल्या हवेचं नव्हे. जाड कास्टिंग पातळ पत्र्याबरोबर एकाच वेळी बाहेर काढलं तर पत्रा पक्का आणि कास्टिंग कच्चं निघतं.

हार्डनर, म्हणजे दोन भागांच्या रंगात मिसळायचा दुसरा भाग, जास्त टाकला की रंग जास्त कठीण होतो, असंही पुष्कळजण मानतात. तसं होत नाही. जोडीदार न मिळालेला हार्डनर थरात मोकळा राहतो, थर चिकट किंवा ठिसूळ होतो आणि पाण्याला कमी टिकतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हे आधी वाचावं.

तापमानाचा परिणाम तयार थरावरही होतो. प्रत्येक रेझिनचं एक तापमान असतं, ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक आणि वर रबरासारखं मऊ वागतं. भट्टीविना, खोलीच्या तापमानालाच पक्क्या झालेल्या इपॉक्सी थराचं हे तापमान बरेचदा ५०-६० अंशांच्या आसपास असतं. उन्हात तापलेला लोखंडी पृष्ठभाग तिथवर सहज पोचतो, त्यामुळे सकाळी सावलीत २एच दिलेला थर दुपारी नखानेही दबतो. प्रयोगशाळेतले ते २३ अंश यासाठीच.

## मग जास्तीत जास्त कठीण रंगच का निवडू नये?

कारण कठीणपणा वाढवताना रेणूंचं जाळं दाट होतं आणि थराची ताणली जाण्याची क्षमता घटते. आधी रंगवून मग वाकवायच्या पत्र्यावर फार कठीण रंग लावला तर वाकवल्यावर बाहेरच्या बाजूला तडे जातात, त्यातून पाणी शिरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगतं-आकसतं. त्यावरचा ठिसूळ थर त्याच्यासोबत हलू शकत नाही. खडी उडणाऱ्या जागी कठीण थराचे टवके उडतात, जरा लवचीक थर धक्का पचवतो. गाडीवर चिकटवायची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म मुद्दाम मऊ ठेवलेली असते. तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात. पेन्सिल चाचणीत ती मागेच पडेल, आणि तरी खडीपासून गाडीला वाचवते तीच.

म्हणून गंभीर कामाच्या विनिर्देशात कठीणपणाच्या शेजारी वाकवण्याची, आघाताची आणि चिकटणीची चाचणी लिहिलेली असते. फरशीसाठी टेबर झीज चाचणीही हवी: ठरलेल्या घर्षणचाकांखाली, बहुधा १ किलो भाराने, १००० फेऱ्यांत किती मिलिग्रॅम रंग गेला.

## आकडा हातात आल्यावर काय विचारायचं

निकाल या रूपात लिहिलेला असावा: ‘पेन्सिल कठीणपणा एच (ओरखडा), आयएसओ १५१८४, भार ७५० ग्रॅम, थर ६० मायक्रॉन, फॉस्फेट केलेला पोलादी पत्रा, २३ अंशांत सात दिवस क्युअर.’ यातलं जे गाळलेलं असेल ते लेखी मागावं. पेन्सिलींची कंपनीही त्यातच.

आणि दोन भागांच्या रंगाचं पॅनेल अपेक्षेपेक्षा मऊ निघालं तर लगेच रंग बदलू नका. आधी जाडी मोजा. मग एमईके नावाच्या द्रावकात भिजवलेलं पांढरं कापड बोटाला गुंडाळून, हातमोजे घालून आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही याची खात्री करून, एकाच जागी पुढे-मागे ५० वेळा घासा. कापडावर रंग उतरला किंवा थर पुरीसारखा मऊ पडला, तर क्युअरिंग अर्धवट आहे: प्रमाण चुकलं, दोन भाग नीट ढवळले गेले नाहीत किंवा उष्णता कमी पडली. पॅनेल ६० अंशांवर काही तास ठेवून पुन्हा पेन्सिल लावा. आकडा दोन-तीन पायऱ्या चढला तर त्याला फक्त वेळ किंवा उष्णता कमी पडली होती. जागचा हलला नाही तर प्रमाण आणि ढवळणं तपासायला घ्या.